न उघडलेला पंख : 'ॲपल' उपग्रहाचे पहिले दिवस

(भिवंडी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागे उभे राहू नका, पुढे खुर्च्या आहेत. व्याख्यानाला मागे उभं राहणाऱ्याचं एक पाऊल नेहमी दाराबाहेर असतं. (हशा)

विषय छापलाय 'भारतीय उपग्रहांचा इतिहास'. हा विषय एका संध्याकाळी सांगायचा म्हणजे पन्नास तारखा वाचून दाखवायच्या. ते मी करणार नाही. मी एकच उपग्रह घेणार आहे, आणि त्याचेही फक्त पहिले काही आठवडे. उपग्रहाचं नाव ॲपल. फळाचा काही संबंध नाही, फोनचाही नाही. 'एरियान पॅसेंजर पेलोड एक्सपेरिमेंट' या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून ते झालेलं आहे. एरियान हे युरोपचं रॉकेट. त्यातून प्रवासी म्हणून गेलेला प्रयोग, असा त्या नावाचा सरळ अर्थ.

'प्रयोग' हा शब्द लक्षात ठेवा. हा उपग्रह सेवा देण्यासाठी बांधलेला नव्हता. आपल्याला हे जमतं का, ते बघण्यासाठी बांधलेला होता. भिवंडीत ही गोष्ट समजावून सांगायला लागू नये. नवा माग बसवला की जॉबर तो लगेच कामगाराच्या हातात देत नाही. आधी स्वतः चालवून बघतो. धोटा कुठे अडकतो, ताण कुठे जास्त येतो, धागा किती वेळा तुटतो हे बघतो. इथल्या एका जुन्या जॉबरनं मला सांगितलं होतं, पहिला ताका विकायचा नसतो, वाचायचा असतो. ॲपल हा आपल्या दळणवळण उपग्रहांचा पहिला ताका. त्यातले तुटलेले धागे आज वाचायचेत.

थोडं मागे जाऊ या. १९ एप्रिल १९७५ ला आर्यभट गेला, सोव्हिएत रॉकेटनं, कापुस्तिन यार इथून. ३६० किलोचा. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, शेडमध्ये बांधलेला. प्रा. उडुपी रामचंद्र राव त्याचे प्रमुख. जमिनीवरची जागा इतकी कमी होती की माहिती घेण्याचं केंद्र एका स्वच्छतागृहात उभारलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल, ती खरी आहे. आर्यभटात तीन वैज्ञानिक प्रयोग होते. पाचव्या दिवशी वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि ते बंद करावे लागले. पाचव्या दिवशी! पण उपग्रह स्वतः पुढे बराच काळ बोलत राहिला. म्हणजे विज्ञान अर्धवट राहिलं आणि यंत्र पास झालं. मग आर्यभट यशस्वी की अयशस्वी? हा प्रश्न ॲपलपाशी पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ता नुसता टांगून ठेवतो.

आता एरियान. युरोपीय अवकाश संस्था नवं रॉकेट तयार करत होती. नव्या रॉकेटच्या पहिल्या चाचण्यांत कोण आपला महागडा उपग्रह ठेवणार? म्हणून त्यांनी सांगितलं, चाचणी-उड्डाणात जागा आहे, फुकट नेतो, कोणाला यायचंय? भारतानं हात वर केला. तेव्हा इस्रोचे अध्यक्ष होते सतीश धवन. प्रकल्प संचालक झाले आर. एम. वासगम. फुकट तिकीट होतं खरं, पण कुणाच्या गाडीचं? जिच्या ब्रेकचीच अजून चाचणी चालू आहे अशा गाडीचं. एरियानचं पहिलं उड्डाण २४ डिसेंबर १९७९ ला झालं, ते नीट गेलं. दुसरं २३ मे १९८० ला, ते समुद्रात पडलं. तिसऱ्यात आपण बसणार होतो.

आणि बसणार तरी कुठे? वर युरोपचा हवामान उपग्रह मेटिओसॅट-२, खाली रॉकेटचं मोजमाप करणारी कॅट नावाची कुपी, आणि मध्ये आपला ॲपल. अक्षरशः सँडविच. मधल्या माणसावर वरच्याचा भार. लोकलमध्ये उभ्यानं प्रवास करणाऱ्यांना मी आणखी काय सांगू? (हशा) पण गंमत सोडा, यात अभियांत्रिकीचा कठीण भाग होता. उड्डाणाच्या धक्क्यात स्वतःचं वजन तर सांभाळायचंच, शिवाय डोक्यावरचा दुसऱ्याचा उपग्रहही सांभाळायचा. आपला सांगाडा मोडला असता तर त्यांचाही उपग्रह गेला असता.

हे सगळं जेमतेम दोन वर्षांत झालं, तेही पुन्हा औद्योगिक शेडमध्येच.

इथे तो प्रसिद्ध फोटो येतो. बैलगाडी, आणि तिच्यावर ॲपल. तुम्ही मोबाइलवर शंभर वेळा बघितला असेल. खाली लिहिलेलं असतं, 'पाहा, किती गरिबीतून आपण वर आलो'. मला या ओळीचा राग येतो. उपग्रह बैलगाडीवर ठेवला तो ट्रक परवडत नव्हता म्हणून नव्हे. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती. ट्रक म्हणजे लोखंड. लोखंडावरून रेडिओ लहरी परावर्तित होतात, मग मोजमाप उपग्रहाचं होतंय की ट्रकचं हे कळत नाही. धातू जवळजवळ नसलेलं, हलवता येणारं व्यासपीठ हवं होतं. लाकडी बैलगाडी हे त्याचं अचूक उत्तर होतं. त्या फोटोत मोजमापाची समज आहे, ती आपण पुसून टाकतो आणि दयेची गोष्ट लिहितो. इतिहास लिहिताना आपण स्वतःवरच असा अन्याय बऱ्याचदा करतो, आणि वर तो कौतुकानं पुढे पाठवतो.

आता आपल्या माणसाकडे येतो. वसंत गोवारीकर. जन्म पुण्याचा, १९३३ चा. इंग्लंडात बर्मिंगहॅमला संशोधन केलं, आणि तिथलं सोडून १९६७ मध्ये केरळात थुंब्याला आले. घन इंधन हा त्यांचा विषय. १९७९ पासून ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. मराठी वाचक त्यांना पुढच्या मान्सूनच्या भाकितामुळे जास्त ओळखतो. माझ्या मते त्यांचं मोठं काम इंधनाचं आहे, पण ढगांवर बोलणं सोपं आणि इंधनावर बोलणं कठीण, म्हणून ते मागे पडलं.

ॲपलमध्ये हे इंधन कुठे आलं? एरियाननं उपग्रह सोडायचा तो लांबट, अंडाकृती कक्षेत. जवळचं टोक पृथ्वीपासून सुमारे २०० किलोमीटर, लांबचं टोक सुमारे ३६ हजार. अशा कक्षेत एक फेरी साधारण साडेदहा तासांची होते. भूस्थिर व्हायचं तर लांबच्या टोकाला पोचल्यावर जोराचा धक्का देऊन कक्षा गोल करायची. सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर एवढा वेग वाढवायचा. हा धक्का देणारी मोटर आपली होती. आपल्या एसएलव्ही-३ रॉकेटचा जो चौथा टप्पा होता, त्यातूनच ती तयार केली होती. तो टप्पा आधी आखला गेला तेव्हा फ्रान्सच्या दियामाँ रॉकेटलाही बसेल असा विचार झाला होता. ते रॉकेट बंद पडलं, पण मोटर फुकट गेली नाही, ती ॲपलच्या पोटात बसली.

घन इंधनाच्या मोटरची एक अडचण तुम्हाला सांगतो. द्रव इंधनाचं इंजिन चालवून बघता येतं, बंद करता येतं, परत चालवता येतं. घन इंधन म्हणजे दिवाळीचा बाण. जो उडणार तो आधी पेटवून बघता येत नाही. त्याचे भाऊ पेटवून बघायचे, आणि हा त्यांच्यासारखाच वागेल असं मानायचं. उपग्रह सुमारे ६७० किलोचा, त्यात मोठा वाटा या एका मोटरचा. ती जळणार जेमतेम अर्धा मिनिट. नाही पेटली, तर दोन वर्षांचं काम त्या अंडाकृती कक्षेत नुसतं घिरट्या घालत राहणार.

आणि काळ कसा होता बघा. एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण, ऑगस्ट १९७९, अयशस्वी. १८ जुलै १९८० चं यशस्वी, रोहिणी कक्षेत गेला. मग ३१ मे १९८१ ला पुढचं उड्डाण. रोहिणी कक्षेत गेला खरा, पण ठरल्यापेक्षा खाली राहिला, आणि आठ-नऊ दिवसांत वातावरणात शिरून संपला. जूनचा दुसरा आठवडा उजाडतोय, एक उपग्रह नुकताच जळून गेलाय, आणि दुसरा तिकडे दक्षिण अमेरिकेत, फ्रेंच गयानातल्या कुरूला, रॉकेटवर चढवला जातोय. त्या लोकांची झोप कशी असेल याची कल्पना करा.

१९ जून १९८१. आपल्याकडे संध्याकाळ झाली होती. एरियान उडालं आणि या वेळी नीट गेलं. मेटिओसॅट सुटला, ॲपल सुटला.

लोकांना वाटतं उड्डाण झालं म्हणजे काम झालं. टीव्हीवर तेवढंच दिसतं, टाळ्या वाजतात, हात मिळवतात. खरं काम तिथून सुरू होतं. मुलगी सासरी पोचली, लग्न लागलं, वऱ्हाड परतलं, आता संसार. (हशा) पहिल्या काही तासांत विचारायचे प्रश्न अगदी साधे असतात. जिवंत आहेस का? किती गरम आहेस? बॅटरी किती? कसा फिरतोयस? सूर्य कुठे दिसतोय? याला उत्तरं मिळाल्याशिवाय पुढची आज्ञा द्यायची नाही.

त्या वेळी ॲपल भोवऱ्यासारखा फिरत होता, आणि ते मुद्दाम होतं. भोवरा फिरताना डगमगत नाही, म्हणून मोटर पेटवताना उपग्रह फिरता ठेवतात. श्रीहरिकोट्याच्या नियंत्रण केंद्रातून त्याची दिशा नेमकी करायची, कारण धक्का चुकीच्या दिशेला बसला तर तो परत घेता येत नाही. कक्षा मोजायची, पुन्हा मोजायची, लांबच्या टोकाची वेळ काढायची, आणि आज्ञा पाठवायची.

मोटर पेटली. आपण बनवलेली मोटर, ३६ हजार किलोमीटरवर, निर्वात पोकळीत, वेळेवर पेटली आणि ठरल्याप्रमाणे जळली. घन इंधनवाल्यांचा तो दिवस होता. मराठी वर्तमानपत्रांनी गोवारीकरांवर पुढे पुष्कळ लिहिलं, पण या अर्ध्या मिनिटावर एखादा सविस्तर लेख माझ्या तरी वाचनात नाही.

मग पुढची पायरी. भोवरा थांबवायचा. ॲपल हा आपला पहिला असा भूस्थिर उपग्रह की ज्याला तिन्ही अक्षांवर स्थिर राहायचं होतं. म्हणजे स्वतःभोवती गरगरायचं नाही, अँटेनाचं तोंड सतत पृथ्वीकडे आणि पंखांचं तोंड सूर्याकडे. यासाठी आत एक वेगानं फिरणारं चाक असतं आणि बाहेर हायड्रॅझिनवर चालणारे छोटे झोत. थांबला. आता पंख उघडायचे.

सौर पंख दोन. उड्डाणात ते अंगाला घडी घालून बांधलेले असतात. आज्ञा गेली की बंध सुटतो, आणि घडी उघडते. एक पंख उघडला. दुसरा उघडला नाही.

इथे मी थोडा थांबतो, कारण छापील इतिहासात या गोष्टीला अर्धं वाक्य मिळतं. 'एक सौर पंख न उघडूनही उपग्रहाने दोन वर्षे सेवा दिली', असं ते वाक्य असतं. व्याकरणाच्या दृष्टीनं बघा, सगळं संकट एका 'ही' मध्ये कोंबलंय. मला या 'ही'ची उकल करायचीय.

पंख उघडला नाही याचा अर्थ काय? पहिली गोष्ट, वीज. उपग्रह सुमारे २१० वॉटचा हिशेब धरून बांधलेला. आज घरातले दोन-तीन पंखे जेवढी वीज खातात तेवढी. त्यातला एक हातच गेला. भिवंडीकरांना भारनियमन शिकवायची गरज नाही. वीज अर्धी आली की मालक काय करतो? कोणता माग चालू ठेवायचा आणि कोणता बंद ते ठरवतो, सगळे अर्ध्या वेगानं चालत नाहीत. तिकडेही तसंच. काय चालू ठेवल्याशिवाय उपग्रह मरेल आणि काय थोडा वेळ बंद चालेल, ही यादी पुन्हा लिहावी लागते. बॅटरीचा हिशेब पुन्हा. आणि वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या सुमारास, भूस्थिर उपग्रह रोज काही वेळ पृथ्वीच्या सावलीत जातो. मार्च-सप्टेंबरला तेव्हा नुसत्या बॅटरीवर तगायचं. जूनमध्ये पंख अडकला आणि सप्टेंबर समोर उभा.

दुसरी गोष्ट उष्णता. अंगाला चिकटून राहिलेला पंख म्हणजे उन्हाळ्यात न काढलेली गोधडी. ज्या बाजूनं उष्णता बाहेर टाकायची तिचा आधी केलेला हिशेब बदलतो. तिसरी गोष्ट तोल. दोन्ही बाजूंना पंख धरून तोलाचं गणित केलेलं, आता एकच बाजू. सूर्यप्रकाशाचाही अगदी सूक्ष्म दाब असतो, तो एका बाजूला जास्त पडणार, उपग्रह हळूहळू कलणार, त्याला पुन्हा पुन्हा सरळ करावं लागणार. आणि वर जाऊन हातानं ओढून उघडता येत नाही. तुमच्याकडे फक्त आज्ञा आहेत, आणि थोडं इंधन.

तर अशा अवस्थेत उपग्रह जुलैमध्ये १०२ अंश पूर्व रेखांशावर नेऊन ठेवला. भिवंडीतून बघायचं झालं तर आग्नेय दिशेला, क्षितिजापासून साधारण ५० अंश वर. तुमच्या गच्चीवरून दिसला नसता, पण अँटेना तिकडे वळवता आली असती. ऑगस्टमध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. दोन वर्षं त्यानं काम केलं. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवून बघितले, आकाशवाणीचं जाळं जोडून बघितलं, दूरदूरचे संगणक एकमेकांना जोडून बघितले. हे १९८१-८३ मध्ये, जेव्हा आपल्याकडे ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसायची पद्धत होती. उपग्रहावरून बोललं की शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. त्या पाव सेकंदाची सवय कशी करायची, प्रतिध्वनी कसा मारायचा, हेसुद्धा शिकावं लागलं.

आता तो टांगलेला प्रश्न. यशस्वी की अयशस्वी?

लगेच उत्तर देऊ नका, आधी एक शेजारी बघा. १० एप्रिल १९८२ ला इन्सॅट-१ए गेला. हा प्रयोग नव्हता, सेवेसाठीच होता, आणि अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या अवकाश विभागानं बांधलेला होता, पैसे मोजून घेतलेला. त्याचंही काय झालं? एक अँटेना सुरुवातीला उघडेना. झोत मारून मारून ती सोडवली. तोल साधणारं एक सौर शीड होतं, ते उघडलंच नाही. तोल सांभाळता सांभाळता इंधन संपलं आणि सप्टेंबर १९८२ मध्ये, पाच महिन्यांच्या आत, उपग्रह गेला. म्हणजे घडी उघडणं ही सगळ्या जगाची अडचण होती, आपल्या शेडची नव्हती. हे मी देशाभिमानानं सांगत नाही, तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं म्हणून सांगतो. आणि दुसरी बाजूही सांगतो. ॲपलचा पंख अडकला ही आपली चूक होती, ती एरियानची नव्हती आणि नशिबाचीही नव्हती. यंत्रणा आपण बनवली होती. प्रयोगाच्या उपग्रहात चूक सापडणं हे काम झाल्याचं लक्षण आहे, पण ती चूक मोठ्यानं सांगितली तरच. अर्ध्या वाक्यात ठेवली तर पुढच्या पोरांना तिच्यातून काय मिळणार?

पुढच्या पोरांवरून आठवलं. मघाशी एका विद्यार्थिनीनं विचारलं की महाराष्ट्रात कुणी उपग्रह केलाय का. केलाय, आणि तुमच्याच वयाच्या मुलांनी. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, सीओईपीच्या, पदवीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' बांधला. एक किलोपेक्षाही थोडा हलका, दहा सेंटिमीटरचा ठोकळा. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ नं एकूण वीस उपग्रह नेले, त्यात हा होता. त्याची चाचणी मोठी मजेदार. दिशा राखायला त्यात चाक नाही, झोत नाही. आत चुंबक बसवलेला, तो होकायंत्रासारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळतो, आणि सोबत खास धातूच्या कांड्या, ज्या गरगरण्याची ऊर्जा हळूहळू उष्णतेत जिरवतात. वीज शून्य. पण याचा अर्थ असा की पहिल्या दिवसांत जमिनीवरच्या माणसानं करायचं काय, तर वाट बघायची. ॲपलवाल्यांना आज्ञा तरी देता येत होत्या.

तो बांधायला आठ वर्षं लागली, आणि पदवी असते चार वर्षांची. म्हणजे ज्यांनी सुरू केला ते कधीच नोकरीला लागले, आणि ज्यांनी पूर्ण केला ते सुरुवातीला शाळेत होते. पवईच्या आयआयटीचा 'प्रथम' तसाच. सुमारे दहा किलोचा, त्याच वर्षी २६ सप्टेंबरला गेला, वातावरणाच्या वरच्या थरातले इलेक्ट्रॉन मोजायला. त्या उड्डाणात रॉकेटनं आधी स्कॅटसॅट सोडला, मग चौथा टप्पा बंद-चालू करत दुसऱ्या कक्षेत जाऊन बाकीचे सोडले. म्हणजे पवईच्या मुलांना उड्डाणानंतरही दोन तासांहून जास्त वेळ श्वास रोखून बसावं लागलं.

वेळ झाली असं खूण करून सांगतायत. एक शेवटची गोष्ट सांगतो, कारण ती प्रश्नोत्तरात कुणीतरी विचारतंच. ॲपल आता कुठे आहे?

१९ सप्टेंबर १९८३ ला तो बंद केला. आर्यभट १९९२ मध्ये वातावरणात शिरून जळाला, रोहिणी तर आठवड्यात गेला. पण ३६ हजार किलोमीटरवर हवाच नाही. तिथलं काही खाली येत नाही, जळत नाही. जागेवर धरून ठेवायला कुणी नाही, म्हणून तो आता १०२ अंशांवर थांबलेला नाही, सरकत, डोलत असतो. पण आहे वरच. एक पंख पसरलेला, एक अंगाशी मिटलेला.

चला, प्रश्न घेऊ या. माईक तिकडे मागे द्या.